मातीचा पहारा

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घागरीत भरून ठेवले, तर थोड्या वेळाने तळाशी गाळ बसतो. परंतु वरचे पाणी काही पुरते स्वच्छ होत नाही. रात्र सरली, दुसरा दिवस उजाडला, तरी त्याचा मातकट रंग तसाच राहतो. मग घरातील एखादी जाणती स्त्री तुरटीचा खडा त्या पाण्यात चार वेळा फिरवते, आणि घटकाभरात पाणी निवळू लागते. जेथे तुरटी मिळत नसे तेथे घागरीच्या आतल्या अंगाला निवळीची बी उगाळण्याची चाल होती. सुश्रुतसंहितेत हीच बी कतक या नावाने येते, आणि तमिळ मुलुखातील खेडुतांना ती तेत्तांकोट्टै म्हणून ठाऊक आहे. जी माती दोन दिवस तळाशी बसण्याचे नाव घेत नव्हती, ती तुरटीचा स्पर्श होताच का बसली? हा प्रश्न वरवर अगदी घरगुती दिसतो. तथापि अणुशक्तीच्या युगातील एका फार मोठ्या जबाबदारीचे उत्तर काही अंशी याच घागरीत दडलेले आहे.

पाण्यात तरंगत राहणारे मातीचे हे कण अतिशय सूक्ष्म असतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील एका भागाहूनही ते लहान; काही तर त्याच्याही शतांशाहून लहान. ते मिठासारखे पाण्यात विरघळलेले नसतात आणि वाळूसारखे तळाशीही जात नाहीत. या मधल्या अवस्थेतील द्रव्यांना थॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली जे नाव दिले, त्याला मराठीत ‘कलिल’ असा प्रतिशब्द रूढ झाला आहे. मातीच्या कलिल कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्‌भार असतो. सजातीय भार एकमेकांना दूर सारतात. म्हणून हे कण परस्परांजवळ येऊन मोठे होऊ शकत नाहीत, आणि मोठे झाल्यावाचून ते तळाशी जात नाहीत. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमचे धनभारित आयन हा ऋणभार मारून टाकतात, दुरावा संपतो, कण एकमेकांना बिलगतात आणि खाली बसतात. निवळीच्या बियेतील चिकट द्रव्ये कणांना एकमेकांशी बांधून हेच कार्य साधतात. नदी समुद्राला मिळते तेथे गाळ साचून त्रिभुज प्रदेश तयार होतात, त्यामागेही खाऱ्या पाण्याचा असाच हात असतो. थोडक्यात, गोड्या पाण्यात माती तरंगते आणि खाऱ्या पाण्यात ती बसते, एवढे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाही.

चेन्नईहून समुद्रकिनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले, म्हणजे मामल्लपुरमची पल्लवकालीन मंदिरे ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर कल्पाक्कम लागते. शहरापासून हे ठिकाण सुमारे सत्तर किलोमीटरांवर आहे. येथील मद्रास अणुवीज केंद्राचा पहिला संच १९८४ च्या जानेवारीत आणि दुसरा १९८६ च्या मार्चमध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागला. जलद प्रजननाच्या अणुभट्ट्यांचे संशोधन करणारी संस्था तेथे १९७१ पासून आहे. १९८५ मध्ये तिला इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र असे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी तिची प्रायोगिक जलद अणुभट्टी प्रथम कार्यान्वित झाली. वापरलेल्या इंधनातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढणारा पुनःप्रक्रिया कारखाना येथे १९९८ साली राष्ट्राला अर्पण करण्यात आला. अणुशक्तीचा जवळजवळ सगळा संसार कल्पाक्कमला एका ठिकाणी नांदतो असे म्हणावयास हरकत नाही. आणि संसार म्हटला की चुलीतील राखेची व्यवस्था आलीच.

लाकडाची राख शेतात टाकली की ती खत होते. अणुभट्टीच्या राखेचे तसे नाही. तिच्यातील काही मूलद्रव्ये किरणोत्सर्गी असतात, आणि त्यांचा दाह काळाखेरीज दुसऱ्या कोणत्याही उपायाने सहज शमत नाही. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचे अर्धायु तीस वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे दर तीस वर्षांनी त्यांचे प्रमाण निम्मे होते आणि तीनशे वर्षांनी सुमारे हजारावा हिस्सा उरतो. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायु मात्र २४,१०० वर्षे आहे, आणि नेप्च्युनियम-२३७ चे तर वीस लक्ष वर्षांहून अधिक. पहिल्या जातीच्या द्रव्यांवर काही पिढ्यांनी पहारा दिला तर भागते. दुसऱ्या जातीच्या द्रव्यांपुढे मनुष्याच्या राज्यांचा, भाषांचा आणि संस्थांचा सारा इतिहास अल्पजीवी ठरतो.

म्हणून भारतात या द्रव्यांची प्रतवारी करतात. सौम्य आणि मध्यम प्रतीचे घन अवशेष जमिनीच्या पृष्ठभागाजवळच, काँक्रीटच्या खंदकांत किंवा त्यासाठी बांधलेल्या खोल नळीवजा विवरांत ठेवले जातात. कल्पाक्कमला अशी व्यवस्था आहे. अतितीव्र प्रतीचा द्रव अवशेष मात्र काचेच्या रसात मिसळून गोठवतात आणि पोलादी डब्यांत बंद करतात. आपल्याकडे महाराष्ट्रात तारापूर येथे हे काम प्रथम सुरू झाले. असे डबे थंड होईपर्यंत वर्षानुवर्षे देखरेखीखाली ठेवण्याची कोठारेही तेथेच उभारली गेली. शेवटी या डब्यांना जमिनीच्या पोटात काही शे मीटर खोल, अखंड खडकात विसावा द्यावा, असा जगातील बहुतेक तज्ज्ञांचा विचार आहे. भारतात असे खोल भांडार अद्याप बांधलेले नाही. मात्र कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका वापरात नसलेल्या भागात, सुमारे हजार मीटर खोलीवर, उष्णतेने खडकावर काय परिणाम होतो याचा प्रयोग १९८० च्या दशकात करण्यात आला होता.

खोल भांडाराची कल्पना जुन्या किल्ल्यासारखी आहे. एक तट पडला तर दुसरा उभा असावा. पहिला तट काचेचा, दुसरा धातूच्या डब्याचा, तिसरा मातीचा आणि चौथा खडकाचा. यांतील तिसरा तट आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. डबा आणि खडक यांच्यामध्ये बेंटोनाइट नावाची माती दाबून भरावयाची असते. या मातीतील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याच वर्गाचे खनिज दख्खनच्या काळ्या रेगूर मातीत विपुल आढळते, आणि त्याचे गुणधर्म कोणत्याही वऱ्हाडी शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक आहेत. वैशाखात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या चार सरी पडल्या की माती फुगते आणि त्या भेगा जणू नव्हत्याच अशा बुजतात. बेंटोनाइट हेच कार्य अधिक जोमाने करते. पाणी आत शिरू लागताच ते फुगते, स्वतःच्या फटी स्वतःच बुजवते आणि पाण्याची वाट बंद करते. शिवाय त्याच्या पापुद्र्यांचा पृष्ठभाग अवाढव्य असतो. एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटचे सर्व पापुद्रे उलगडून पसरले तर सुमारे साडेसातशे चौरस मीटर जागा व्यापतील. या विस्तीर्ण ऋणभारित पृष्ठावर धनभारित किरणोत्सर्गी आयन चिकटून बसतात. मातीच्या पहाऱ्यावर शास्त्रज्ञांनी विश्वास टाकला तो एवढ्या भक्कम आधारावर.

परंतु येथेच एक शंका उद्भवते, आणि ती आपल्या म्हणीच्या भाषेतच सांगावी हे उत्तम : कुंपणानेच शेत खाल्ले तर? जी माती किरणोत्सर्गी अणूंना आपल्या अंगाशी घट्ट धरून ठेवते, तिचेच सूक्ष्म कण सुटे होऊन भूजलात तरंगू लागले, तर अंगाला चिकटलेल्या अणूंसह ते बाहेर पडणार नाहीत काय?

या शंकेचे गांभीर्य थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. पूर्वी असे धरले जाई की, भूजलात किरणोत्सर्गी अणू दोनच स्थितींत असू शकतो : एक तर तो पाण्यात विरघळलेला असेल, नाही तर खडकाला चिकटलेला असेल. चिकटलेला अणू थांबतो, विरघळलेला पुढे जातो. समजा, कोणत्याही क्षणी दहा हजारांपैकी एकच अणू पाण्यात आणि बाकीचे खडकावर आहेत. मग अणूंच्या प्रवासाची गती पाण्याच्या गतीच्या दहा-हजारांश होईल. पाण्याला भांडारापासून एखाद्या विहिरीपर्यंत पोहोचावयास शंभर वर्षे लागत असतील, तर प्लुटोनियमला दहा लक्ष वर्षे लागतील. तेवढ्या अवधीत त्याची एकेचाळीस अर्धायुष्ये सरतात आणि मूळच्या एक लक्ष कोटीव्या भागाइतकेही ते उरत नाही. हिशेब मोठा दिलासा देणारा होता. पण प्लुटोनियमचा अणू खडकाला न चिकटता तरंगत्या मृत्कणाला चिकटला, आणि तेथून सुटला नाही, तर तो पाण्याबरोबरच शंभर वर्षांत विहिरीशी येऊन ठेपेल. शंभर वर्षांत त्याचा शेकडा एक भागही क्षय पावलेला नसेल. दोन घरांच्या हिशेबात तिसरे घर राहून गेले होते, आणि चूक राहिली होती ती नेमकी त्या घरात.

इतकेच नव्हे, तर खडकाच्या भेगेतून जाताना कलिल कण पाण्याच्या सरासरी गतीहूनही किंचित पुढे जाऊ शकतात. भेगेच्या भिंतीलगत पाणी संथ वाहते आणि मध्यभागी वेगाने. कण जाडसर असल्यामुळे तो भिंतीला अगदी लगटू शकत नाही व मधल्या वेगवान धारेत राहतो. तसेच विरघळलेला अणू खडकाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत शिरून रेंगाळतो. कणाला त्या छिद्रांत शिरताच येत नाही. गल्लीबोळांत फिरणारा पादचारी मागे राहावा आणि हमरस्त्याने जाणारी गाडी पुढे निघून जावी, तसा हा प्रकार आहे.

ही केवळ कागदावरची भीती नव्हती. अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटात १९६८ च्या डिसेंबरात ‘बेनहॅम’ नावाचा भूमिगत अणुस्फोट करण्यात आला. त्यानंतर तीस वर्षांच्या आत, त्या जागेपासून १.३ किलोमीटर अंतरावरील विहिरींच्या पाण्यात प्लुटोनियम आढळले. प्रमाण अत्यल्प होते. पण प्लुटोनियमच्या समस्थानिकांचे परस्परप्रमाण त्याच स्फोटाशी जुळत होते, आणि ते जवळजवळ सर्वच कलिल कणांना चिकटलेले होते. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला तेव्हा, प्लुटोनियम जागचे हलत नाही, या समजुतीला मोठाच धक्का बसला. पुढे २००६ साली रशियातील मायाक येथील पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे कराचाय सरोवरात १९५१ पासून किरणोत्सर्गी द्रव सोडले गेले होते. सरोवरापासून सुमारे चार किलोमीटरांपर्यंत भूजलात प्लुटोनियम सापडले आणि त्याचा मोठा भाग कलिल कणांवरच होता. ते कण मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांचे होते. म्हणजे वाहन मातीचेच असावे असेही नाही. पाण्यात तरंगणारे कोणतेही सूक्ष्म द्रव्य हे काम करू शकते.

मात्र या दोन्ही उदाहरणांवरून घाईने अनुमान काढणे योग्य होणार नाही. नेव्हाडात ना काच होती, ना डबा, ना मातीचा तट. मायाकला तर द्रव उघड्या सरोवरातच ओतला जात होता. तटबंदी असलेल्या भांडारात काय घडेल, हे जाणण्यासाठी निराळा प्रयोग हवा होता. तो स्वित्झर्लंडमध्ये ग्रिमझेल येथे, आल्प्सच्या पोटातील ग्रॅनाइटमध्ये खोदलेल्या प्रयोगशाळेत करण्यात आला. खडकातील एका भेगेत किरणोत्सर्गी द्रव्ये प्रथम तशीच आणि नंतर बेंटोनाइटच्या कलिल कणांसह सोडून, ती पलीकडे किती पोहोचतात ते मोजण्यात आले. मृत्कण मिसळल्यावर प्लुटोनियम आणि अमेरिसियम यांचा पलीकडे निघालेला भाग लक्षणीय वाढला. नेप्च्युनियम आणि युरेनियम यांच्यावर मात्र फारसा परिणाम झाला नाही, कारण त्या पाण्यात ते मातीला विशेष चिकटतच नव्हते. मृत्कणांना अधिक काळ भेगेत रेंगाळत ठेवणाऱ्या पुढील प्रयोगांत असे दिसून आले की, चिकटलेल्या अणूंपैकी काही हळूहळू सुटून खडकाकडे परत जातात. ही गोष्ट फार मोलाची आहे. गाडीत बसलेला प्रवासी वाटेत उतरू शकत असेल, तर गाडीच्या वेगाची भीती पुष्कळच कमी होते. प्रवासी कायमचा जखडला जातो की उतरू शकतो, हाच या शास्त्रातील आजचा कळीचा प्रश्न होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. धोका उत्पन्न व्हावयाचा तर साखळीतील चार कड्या एकत्र जुळाव्या लागतात. मातीच्या तटातून कण सुटले पाहिजेत. सुटल्यावर ते पाण्यात तरंगत राहिले पाहिजेत. किरणोत्सर्गी अणू त्यांना घट्ट चिकटून राहिले पाहिजेत. आणि भेगांतून गाळले न जाता ते कण दूरवर पोहोचले पाहिजेत. यांतील एक कडी तुटली तरी साखळी तुटते. दाबून भरलेल्या बेंटोनाइटच्या आतली छिद्रे इतकी बारीक असतात की, त्यातून कलिल कण पलीकडे जाऊच शकत नाहीत. तेथे माती उत्तम गाळणी ठरते. कण सुटतात ते तटाच्या बाहेरच्या कडेवर, जेथे फुगलेली मृदू माती भेगेतील वाहत्या पाण्याला स्पर्श करते. आणि तेथे काय घडेल हे पुष्कळसे पाण्यावर अवलंबून असते.

येथे आपण पुन्हा घागरीशी येऊन पोहोचतो. भूजलात कॅल्शियमसारखे क्षार पुरेसे असतील तर तुरटीचेच कार्य निसर्गतः घडते. कण एकत्र येऊन कडेलाच बसून राहतात. पाणी फार गोडे, क्षारहीन असेल तर माती विरघळल्यासारखी सुटी होऊन तरंगू लागते. स्वीडिश तज्ज्ञांनी २०११ साली आपल्या नियोजित भांडाराचा सुरक्षा-अहवाल सादर केला, त्यात नेमका याच शक्यतेचा विचार करावा लागला : हजारो वर्षांनी नवे हिमयुग आले आणि वितळलेल्या बर्फाचे क्षारहीन पाणी खडकात खोल उतरले, तर मातीचा तट झिजेल काय? आपल्याकडे हिमनदीचे भय नाही. पण मुसळधार पावसाचे गोडे पाणी आहे, आणि किनाऱ्यालगत समुद्राचे खारे पाणीही आहे. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात जमिनीतील पाणी गोडावते, आणि उन्हाळ्यात उपसा वाढला की समुद्राचे पाणी आत सरकू पाहते. जमिनीच्या पृष्ठभागाजवळ काहीही पुरून ठेवणाऱ्याला पाण्याचा हा बदलता स्वभाव वर्षभर मोजत राहिल्यावाचून गत्यंतर नाही.

खडकाचा स्वभावही तितकाच महत्त्वाचा. कल्पाक्कम परिसराच्या बुडाशी चार्नोकाइट नावाचा खडक आहे, आणि या नावाला मोठा रंजक इतिहास आहे. कलकत्त्यातील जॉब चार्नोक याच्या थडग्यावरील शिळा मद्रासजवळच्या डोंगरातून नेलेली होती; भूशास्त्रज्ञ थॉमस हॉलंड याने तिच्यावरून १८९३ साली या खडकाचे नामकरण केले. हा खडक स्वतः अतिशय घट्ट. पाणी त्याच्या अंगात मुरत नाही. ते वाहते ते त्याच्या भेगांतून. म्हणून अशा खडकात भेगा किती, त्यांची रुंदी किती, त्या कोणत्या दिशेला जातात आणि त्यांच्या भिंतींवर कोणती खनिजे बसलेली आहेत, हे शोधणे म्हणजेच त्या जागेची खरी कुंडली मांडणे होय.

चेन्नईसारख्या नगराच्या संदर्भात भूजलाचे हे प्रश्न केवळ तात्त्विक उरत नाहीत. २०१९ च्या उन्हाळ्यात या शहराचे जलाशय कोरडे पडले आणि लोक घागरी घेऊन टँकरच्या रांगांत उभे राहिले, हे सर्वांना स्मरत असेल. समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने मिंजूर येथे २०१० साली आणि नेम्मेली येथे २०१३ साली उभे राहिले, तरी विहिरी आणि कूपनलिका यांच्यावाचून या नगराचे भागत नाही. जेथे पाण्याचा थेंब मोजून वापरावा लागतो, तेथे त्या थेंबातून अदृश्यपणे काय प्रवास करू शकते याची आगाऊ चौकशी करणे, हे विज्ञानाचेच नव्हे तर राज्यकारभाराचेही कर्तव्य ठरते.

निसर्गाने या बाबतीत काही आश्वासक साक्षही ठेवलेली आहे. कॅनडातील सिगार लेक येथे सुमारे साडेचारशे मीटर खोलीवर युरेनियमचे अतिशय समृद्ध खनिज आहे. त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक. पण त्याच्या भोवती मातीचे जाड वेष्टन असल्यामुळे वरच्या जमिनीवर त्याचा मागमूसही लागत नव्हता. तेथील पाण्यातील कलिल कणांचाही अभ्यास झाला, आणि मातीच्या त्या वेष्टनाने त्यांना रोखून धरल्याचे दिसून आले. योग्य जागी, योग्य पाण्यात माती आपला पहारा कोट्यवधी वर्षे चोख बजावू शकते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. मात्र जागा आणि पाणी योग्य आहे किंवा नाही, हे पारखण्याचे काम निसर्ग आपल्यासाठी करीत नाही; ते मनुष्यालाच करावे लागते.

कल्पाक्कमपासून फार दूर नसलेल्या उत्तिरमेरूर या गावी चोळराजा पहिला परांतक याच्या काळातील शिलालेख आहेत. ग्रामसभेचे सभासद कसे निवडावेत, कोणाला अपात्र ठरवावे, याचे नियम इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आजही वाचता येतात. अकराशे वर्षांनंतरच्या माणसाला आपला निर्णय कळावा, इतकी त्या सभेची तरतूद टिकली. प्लुटोनियमच्या अर्धायुष्याच्या मानाने ही अकराशे वर्षे म्हणजे विसावा भागही नव्हे. ज्या दूरच्या माणसांपर्यंत आपली भाषाही पोहोचणार नाही, त्यांच्या विहिरीचे पाणी निर्मळ राहावे म्हणून आज मातीच्या कणाकणाचा हिशेब मांडावा लागतो. तो हिशेब चुकला, तर त्याचा जाब विचारावयास आलेल्या माणसापुढे आपण असणार नाही. म्हणूनच तो अधिक काटेकोरपणे मांडला पाहिजे.